डब्याआधी भाजीची पिशवी

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते. वय ४१, नोकरी फोर्टात. सकाळी सव्वासातला घर सोडते, परत यायला साडेसात-आठ होतात. घरात मी, नवरा आणि चौथीतली मुलगी. समोरच्या दारात काका-काकू राहायचे, मूळचे सांगलीकडचे. चार वर्षांपूर्वी मला टायफॉइड झाला होता. तेव्हा जवळजवळ दीड महिना काकूंनी मऊ भात, मेतकूट, मुगाचं कढण करून आणून दिलं. माझी आई तेव्हा मालवणहून येऊ शकली नव्हती. त्या नसत्या तर माझं काय झालं असतं, देव जाणे.

गेल्या श्रावणात काका गेले. मुलगा बंगळूरला असतो. तो 'चल' म्हणाला, पण काकू गेल्या नाहीत. आता त्या जवळजवळ स्वयंपाक करतच नाहीत. सकाळी चहा-खारी, दुपारी दूध-पोहे, रात्री काय ते कळत नाही. फार वाळल्या आहेत. मी एकदा भाजी-पोळी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत घासून परत आला, आत वाण्याकडचे राजगिऱ्याचे लाडू. पुन्हा नेला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दारातच म्हणाल्या, 'कशाला गं, पोट भरलंय माझं.' मी आग्रह केला तर आवाज चढला : 'मला रोज रोज कुणाचे उपकार नकोत.' मी घरी येऊन रडले.

त्यात आमच्या घरात आठवड्यातून तीनदा मासे होतात आणि काकू शाकाहारी. गणपतीत आमच्याकडचे मोदक खातात, पण एरवी कधी जेवल्या नाहीत. नवरा म्हणतो, 'नको म्हणतायत तर सोड. आणि एकदा सवय लागली की रोजची जबाबदारी तुझ्याच अंगावर.' मला त्यांचं ऋण फेडायचं आहे. मी काय करू?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातल्या राजगिऱ्याच्या लाडवांपाशी मी थांबले. ज्या बाईला स्वतःपुरता वरण-भात लावायचा उत्साह उरलेला नाही, ती शेजारणीचा डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून चप्पल घालून वाण्याकडे गेली. आणि हे एकदा नाही, दोनदा. संबंध नको असता तर डबा नुसता घासून आला असता, नाहीतर पिशवीत घालून तुमच्या कडीला लटकवलेला मिळाला असता. तुम्ही काकूंना हव्या आहात. त्यांना मिंधं व्हायचं नाही, एवढंच. 'उपकार नकोत' हे शब्द तुम्हाला लागले, पण ते तुमच्यावर आलेले नाहीत. त्या स्वतःच्या बदललेल्या परिस्थितीवर चिडल्या आणि समोर तुम्ही होतात.

सत्तरीच्या आसपासची, सांगलीकडची गृहिणी. उभा जन्म या बाईचा हात वाढण्यात गेला. आल्यागेल्याला वाढलं, सणावारी ताटं भरली, समोरच्या आजारी पोरीला दीड महिना कढण नेऊन दिलं. देणारी म्हणून तिला जिन्यात, मजल्यावर, नात्यागोत्यात ओळख होती. नवरा गेला आणि चार-पाच महिन्यांत ती ओळख उलटी झाली. आता सगळे तिच्याकडे काहीतरी घेऊन येतात आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काळजी असते. तुम्ही प्रेमाने डबा नेलात, पण त्यांच्या बाजूने त्या डब्यात 'आता तुझ्याच्याने होत नाही ना' असं काहीतरी वाचलं गेलं असणार. म्हणून तर डब्याची परतफेड लगेच, दुसऱ्याच दिवशी, रोखीने.

म्हणून माझं पहिलं सांगणं : ऋण फेडायची भाषा मनातून काढून टाका. दीड महिन्याच्या मऊ भाताची फेड होत नाही आणि ती करायचीही नसते. शेजारात हिशोब पूर्ण झाला की येणंजाणं थांबतं. उसनी नेलेली वाटीभर साखर मोजून तेवढीच परत करणाऱ्या घराशी आपलं फारसं जमत नाही, नाही का? थोडं इकडचं तिकडे राहिलेलं असलं की दार उघडं राहतं. पण एक गोष्ट मात्र करा. टायफॉइडच्या त्या दिवसांत काकूंच्या ताटलीची तुम्ही किती वाट पाहायचात, आई येऊ शकत नसताना तो भात घशाखाली उतरताना काय वाटायचं, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं आहे का? 'थँक्यू काकू' म्हणाला असाल. नीट बसून सांगितलं नसेल तर सांगा. आपल्या हातचं कुणाला तरी लागलं होतं, हे आत्ता ऐकण्याची त्यांना गरज आहे.

आता त्या स्वयंपाक का करत नाहीत, ते बघू. सगळे म्हणतात, दुःखामुळे. दुःख आहेच. दुपारी साडेबाराला ज्याचं ताट वाढायचं तोच नाही, तर कुकर लावायचा कुणासाठी? पण दुःखाच्या खाली काही अगदी साध्या अडचणीही असतात आणि त्या कुणी विचारत नाही. एका माणसाचा स्वयंपाक करणं हे चौघांच्या स्वयंपाकापेक्षा अवघड असतं. पाव वाटी डाळ कुकरच्या तळाला लागते, कढईच्या तळाशी मूठभर भाजी करपते, फ्लॉवरचा एक गड्डा चार दिवस पुरतो आणि पाचव्या दिवशी तोच खावा लागतो. दुसरं म्हणजे, तुमच्या मजल्यावर आतापर्यंत भाजी कोण आणत होतं ते आठवा. कित्येक घरांत निवृत्त झाल्यापासून मंडई, दूध, गिरणी, बँक हे सगळं काकांकडे असतं. काका संध्याकाळी पिशवी घेऊन निघायचे, येताना कोथिंबीर-आलं-मिरच्या, एखादी पालेभाजी घेऊन यायचे. ते गेले आणि त्यांच्याबरोबर घरात भाजी येणंच थांबलं. अशा घरातली बाई चहा-खारीवर जगते ते हट्टाने नाही. ओट्यापर्यंत भाजी पोचतच नाही, म्हणून.

म्हणून शिजवलेला डबा सध्या बाजूला ठेवा आणि कच्च्या भाजीपासून सुरुवात करा.

वेळही अगदी योग्य आहे. संक्रांत तोंडावर आली आहे आणि आदल्या दिवशी भोगी. भोगीची भाजी सांगली-कोल्हापूरकडे घरोघर होते, तुमच्या मालवणी घरात तिचा तेवढा पाठ नसेल. ती भाजी एकट्या माणसासाठी कुणीच करत नाही, कारण तिला सात-आठ जिन्नस लागतात आणि प्रत्येक मूठभरच : वांगी, गाजर, पावटा, घेवडा, मटार, सोलाणे, ओल्या भुईमुगाचे दाणे, दोन-चार बोरं, कुणी उसाचे करवेही घालतं. वरून तिळाचं कूट, गूळ आणि काळा नाहीतर गोडा मसाला. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. हे सगळं तुम्ही आधीच्या रविवारी बाजारातून आणा आणि पिशवी घेऊन काकूंच्या दारात जा. म्हणा, 'काकू, भोगीची भाजी मला येत नाही. पोरीला खायला घालायची आहे. भाजी आणलीय, पण काय किती घालायचं ते कळत नाही. तुमच्याकडे बसू का सोलायला?' आणि खरंच त्यांच्याकडे बसा. तुमच्या घरी बोलावू नका. त्यांचं स्वयंपाकघर जागं व्हायला हवं.

पावट्याच्या शेंगा सोलायला बसलेली दोन माणसं समोरासमोर तोंड करून बसत नाहीत, दोघींची नजर ताटलीत असते. त्यामुळे बोलणं सोपं जातं. दाणे एका बाजूला, सालं वर्तमानपत्रावर, मधूनच एखादी किडकी शेंग. अर्धा तास कुणी काही बोललं नाही तरी अवघडल्यासारखं होत नाही. काका कसे पावट्याच्या उसळीला नाक मुरडायचे ते त्या आपणहून सांगतील, किंवा सांगणार नाहीत. तुम्ही खोदून विचारू नका. भाजी झाली की अर्धी त्यांच्या पातेल्यात राहील आणि अर्धी तुमच्याकडे येईल. आणि ही भाजी त्यांनीच केलेली असेल, त्यामुळे उपकाराचा प्रश्नच उरत नाही.

एक काळजी घ्या. काका जाऊन वर्ष झालेलं नाही, त्यामुळे यंदा त्यांच्याकडे सण नसणार. बऱ्याच घरांत वर्ष होईपर्यंत तळण नाही, गोडधोड नाही. तेव्हा 'चला भोगी करू' असं म्हणू नका. थंडीतली भाजी, पोरीसाठी शिकायची आहे, एवढंच म्हणा. तिळगूळ मात्र तुमच्या घरून जाऊ द्या. ज्या घरी सण नाही त्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि काकूंनाही ती ठाऊक आहे. ज्या घरी माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही आणि शेजारी पिठलं-भात घेऊन जातात, त्याच रीतीतलं हे. रीतीने आलेलं माणूस मिंधं न होता घेतं, कारण आपणही कधीतरी तसंच नेलेलं असतं.

भोगीनंतर हा परिपाठ चालू ठेवता आला तर बघा. दर रविवारी मेथीच्या नाहीतर पालकाच्या दोन जुड्या आणा, दोघी मिळून निवडा, अर्धी-अर्धी वाटून घ्या. आणि इथे मी तुम्हाला कळकळीने सांगते : काकूंनी त्यांच्या जुडीचे पैसे पुढे केले तर ते घ्या. 'अहो राहू द्या' अजिबात म्हणू नका. ते वीस-तीस रुपये तुम्ही घेतलेत की पुढच्या रविवारी 'येताना अर्धा डझन लिंबंही आण गं' असं त्या मोकळेपणाने म्हणू शकतील. नाही घेतलेत तर पुढच्या वेळी भाजी घरात आहे असं खोटंच सांगतील.

पैशांच्या या मुद्द्यावर मला नेहमी गिरगावातल्या त्या गच्चीची आठवण होते. १५ मार्च १९५९ ला एका इमारतीच्या गच्चीवर सात शेजारणी पापड लाटायला बसल्या. त्यातल्या एक जसवंतीबेन पोपट, ज्यांना पुढे २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड झाले. त्यातून लिज्जत उभी राहिली आणि आज तिच्यात चाळीस हजारांहून जास्त बायका आहेत. त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही. गरज होती, पण दान नको होतं. हातातलं कसब चारचौघींत बसून वापरायला मिळावं एवढंच हवं होतं. सत्तरीच्या काकूंचा 'नको' त्याच जातीचा आहे असं मला वाटतं आणि मला त्याचा फार आदर वाटतो.

तुमच्या खऱ्या गरजाही काकूंना सांगा. मात्र खोटी गरज काढू नका, म्हातारी माणसं ती लगेच ओळखतात आणि दुखावतात. तुमचं घर तांदळाच्या भाकरीचं. ज्वारीची भाकरी तुम्हाला जमते का? मुलीला काकूंकडची आवडत असेल तर शिकवा म्हणा. पीठ ताजं लागतं, जुनं झालं की चिकटपणा जातो आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही. काकूंनी तुमच्या हातातला उंडा काढून घेऊन पुन्हा मळला की कळतं. टायफॉइडमध्ये खाल्लेलं ते मेतकूटही शिकून घ्या. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथ्या, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला आंच वेगळी लागते. कुठलं किती भाजायचं हे हाताला कळतं आणि तो हात काकूंचा आहे. मेतकूट घरात असेल तर ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही त्या दिवशीही मऊ भात, तूप, मेतकूट एवढं पोटात जातं. खारीपेक्षा ते कितीतरी बरं.

मुलगी दुपारी शाळेतून आल्यावर एकटी असते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर 'काकू, तिला जरा बघाल का' असं म्हणायचा मोह होईल. तो सध्या आवरा. नातवंडासारखं पोर घरात बागडलं तर त्यांना बरं वाटेल हे खरं, पण आपला सोयीचा पाळणाघर म्हणून उपयोग होतोय अशी शंका आली की सगळं बिघडेल. तिने आपणहून वाटी घेऊन जावं, परत येताना दोन गोष्टी ऐकून यावं, एवढं पुरे. आणि 'आजी जेवली का ते बघून ये' असली हेरगिरी मुलीला सांगू नका.

आता माशांचं. हा विषय आपल्याकडे सगळे टाळतात आणि मग मनात भलतंच साचत राहतं. तुम्ही एकदा स्पष्ट विचारा : 'काकू, आमच्या ओट्यावर मासे होतात हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडचं तुम्हाला चालेल का? वेगळं पातेलं ठेवू का?' त्या 'चालेल' म्हणाल्या तर प्रश्न मिटला. 'वेगळं ठेव' म्हणाल्या तर एक पातेलं, एक पळी आणि एक सुरी त्यांच्यापुरती बाजूला ठेवा आणि तो नियम काटेकोर पाळा. 'नको' म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. सत्तर वर्षांची सवय आहे ती, तुमच्या जातीवर किंवा स्वच्छतेवर शेरा नाही. गणपतीतले मोदक त्या तुमच्याच हातचे खातात ना. आणि तुम्हीही आपल्या ताटाबद्दल कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही. बांगडा तळताना दार लावून घेता तेवढा शेजारधर्म पुरेसा आहे. फक्त एक गोष्ट कधीही करू नका : कढई तीच असताना 'वेगळी होती' असं सांगणं. अन्नाबाबतीतला विश्वास एकदा गेला की परत येत नाही. मालवणी शाकाहारी कितीतरी गोष्टी सांगलीकडच्या माणसाने चाखलेल्याही नसतात. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या एखाद्या रविवारी नेऊन बघा. त्यात दया नसते, 'हे आमच्याकडचं, कसं वाटतं सांगा' असं असतं आणि त्यांना मत द्यायला मिळतं. जुन्या गृहिणीला मत विचारलं की ती खाऊन बघतेच.

पुढेमागे शिजवलेलं नेण्याइतकं मोकळं झालं की एका वेळचंच न्या. वाटीभर उसळ, दोन पोळ्या. त्या पिढीला अन्न टाकवत नाही. तुम्ही डबा भरून भाजी दिलीत तर त्या ती तीन दिवस पुरवतील, मुंबईच्या दमट हवेत आंबेल तरी खातील. भाताचं तर फारच जपावं लागतं, तो शिजवून बाहेर राहिला की बाधतो. नेण्याआधी फोन करा किंवा बेल वाजवून विचारा, 'आज शेपू केलीय, देऊ का?' हो-नाही म्हणायची सोय राहते. वाटी परत देताना त्यांनी चिमूटभर साखर घातली, लाडू घातला, तर हसून घ्या. ती त्यांची रीत आहे, तिच्याशी वाद घालू नका.

औषधांचं एकदा विचारून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील आणि जेवण नुसतं चहावर भागत असेल तर साखर एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते, घाम फुटतो, हात कापतात. ब्लडप्रेशर असेल तर पापड-लोणच्याने जेवण भागवणं वाईट. दात त्रास देत असतील तर खारी चहात बुडवून खाण्याचं कारण तेच असेल आणि कुणाला पत्ता नसेल. तुम्ही लिहिलंय की त्या फार वाळल्या आहेत. हे मी हलकं घेणार नाही. चार-पाच महिन्यांत पोलकी सैल व्हायला लागली असतील तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं, आणि 'माझ्याबरोबर चला, मलाही दाखवायचं आहे' असं म्हणून का होईना न्या. झोप अजिबात नाही, कशातच मन नाही, 'आता जगून काय करायचं' असं वारंवार बोलतात, असं दिसलं तर मेथीच्या जुडीने भागणार नाही. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, नंबर १४४१६, मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतः फोन करून काय करावं ते विचारू शकता. मुलाला कळवायचं ते शक्यतो त्यांना सांगून कळवा. फक्त जिवावरचं काही दिसलं तर विचारत बसू नका, सरळ बंगळूरला फोन लावा.

तुम्ही पत्रात विचारलेलं नाही असं एक मी बोलणार आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तुमच्या इमारतीत हळदीकुंकवं होतील. इतकी वर्षं काकूंना प्रत्येक घरातून बोलावणं होतं, यंदा ते येणार नाही. जिन्यातून जाताना दुसऱ्यांच्या दारातल्या चपला दिसतील, अत्तराचा वास येईल. चांगल्या चांगल्या बायका याचा विचार करत नाहीत, मुद्दाम करतात असं नाही, पण करत नाहीत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तेच करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं ते गाव काकूंच्या सांगलीपासून फार लांब नाही. गावाने जे केलं ते डोंबिवलीच्या एका मजल्याला का जमू नये? तुम्ही तुमच्या घरी केलंत तर काकूंना बोलवा, वाण द्या. मात्र आधी एकटीने जाऊन त्यांना विचारा. दुःख ताजं आहे, चारचौघींच्या नजरा सोसायची त्यांची तयारी नसेल आणि आपल्या सुधारणेचा देखावा त्यांच्यावर करायचा नाही. 'यंदा नको गं' म्हणाल्या तर वाण संध्याकाळी घरी नेऊन द्या. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'काकूंना मदत करू या' असं काही टाकू नका. त्यांचं जेवण हा चाळीस घरांचा विषय झाला तर त्या दारच उघडणार नाहीत. मजल्यावरच्या एखाद्या समजूतदार बाईशी हळूच बोला. तुम्ही गावी गेलात तर त्या आठवड्यात ती सहज डोकावेल, इतपत.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. बारा तास घराबाहेर असणाऱ्या बाईने रोजचा डबा अंगावर घेतला तर दोन महिन्यांत ती थकते, चिडते आणि मग एक दिवस अचानक बंद करते. ते बंद होणं काकूंना जास्त लागेल. म्हणून रोज नाहीच. रविवारची भाजी आणि मधल्या एखाद्या वारी, तुम्हाला जमेल त्या दिवशी, वाटीभर काहीतरी. एवढ्याने त्यांचं पोट भरणार नाही, पण त्यांचा गॅस पुन्हा पेटायला लागला तर बाकीचे दिवस त्या स्वतःच भागवतील. नाहीच जमलं त्यांना, तर डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. एक वेळचा डबा पैसे देऊन लावता येतो, त्यात उपकार कुणाचेच नसतात. तो पर्याय काकूंनी निवडला तर तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही. नवऱ्यालाही या कामात घ्या. सिलिंडर जोडून देणं, पाच किलोची गव्हाची पिशवी गिरणीत नेऊन दळून आणणं, काका जी कामं करायचे त्यातली दोन त्यांनी उचलली तर तुमच्या डब्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडतील. मजल्यावरच्या पुरुषांनी हे करायला हरकत नाही, उलट काकूंना त्यांच्याकडून घेणं सोपं जाईल, कारण त्याच्यात ताटवाटी नाही.

पहिल्या रविवारी काकू कदाचित दारातूनच म्हणतील, 'तूच कर, मी सांगते कसं ते.' ते चालेल. तिथेच उभ्या उभ्या प्रमाण लिहून घ्या, घरी भाजी करा आणि मीठ-गूळ बरोबर झालाय का ते बघायला वाटीभर त्यांना द्या. काही सुधारायला सांगितलं तर पुढच्या वेळी तसं करा. भोगीला जमलं नाही तर त्याच्या पुढच्या रविवारी मेथीच्या दोन जुड्या घेऊन जा आणि पुन्हा विचारा. मेथी अजून चांगली दोन महिने बाजारात आहे.